वाचक विचारतात : बाहुली सावळीच हवी

गेल्या अंकात आम्ही ‘आपल्या मुलांसारखी खेळणी, आपल्या मुलांची पुस्तकं’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पालघरपासून सावंतवाडीपर्यंतची पत्रं आली. कोळीवाड्यातली, कातकरीवाडीवरची, सावळी, कुरळ्या केसांची, कानाला यंत्र लावणारी, चाकाच्या खुर्चीत बसणारी मुलं खेळण्यांच्या दुकानात आणि चित्रांच्या पुस्तकात कुठेच दिसत नाहीत, हे बहुतेकांना सलतं आहे. त्यातूनच छोटा धंदा उभा करायची इच्छा आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी घरी शिवणकाम करते. माझी मुलगी सावळी आहे, केस कुरळे आहेत. बाजारातल्या सगळ्या बाहुल्या गोऱ्यापान. तिच्यासारख्या कापडी बाहुल्या करून विकायच्या आहेत. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, दापोली)

सुरुवात कापडाच्या रंगापासून करा, कारण हा धंदा बहुतेक वेळा तिथेच फसतो. दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून मिळतं ते गुलाबीसर कापड. गडद मागितलं तर कॉफी आणि चॉकलेटी अशा दोन छटा पुढे येतात. त्या बाहुलीला लावल्या की चेहरा मातकट, निर्जीव दिसतो. माणसाच्या सावळ्या रंगात तांबूस-पिवळी झाक असते आणि तयार चॉकलेटी पॉपलिनमध्ये ती नसते. म्हणून कोरं मांजरपाट घ्या आणि स्वतः रंगवा.

१ किलो मांजरपाट म्हणजे साधारण ६ मीटर. आधी साबणाच्या गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. खळ राहिली तर रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो, आणि न धुता शिवलेली बाहुली पहिल्या धुण्यात आटते. सुती कापडाचे थंड पाण्यातले रिअॅक्टिव्ह रंग नावागावाच्या कंपनीचे, सीलबंद घ्या. सुट्या पुडीतला बेनाव रंग मुलांच्या खेळण्याला लावू नका. २० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवा, गडद छटेसाठी ३० ते ४० ग्रॅम रंग घाला, ओलं कापड सोडा आणि अर्धा तास हलवत राहा. मग कापड बाजूला काढून ३०० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन वेळा मिळून घाला. सोडा थेट कापडावर पडला तर डाग कायमचा. नंतर कापड पुन्हा त्यात सोडून तासभर ठेवा, थंड पाण्यात खळबळा आणि साबणाच्या उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. हातमोजे आणि नाकाला फडकं हवंच. रंगाची बादली पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर रंग मळकट येतो. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. तपकिरी छटा पिवळा, लाल आणि निळा मिसळून होते. निळा जरा जास्त झाला की कापड राखाडी पडतं, म्हणून तो चिमटीचिमटीने वाढवा. ओलं कापड गडद दिसतं, वाळल्यावर उतरतं. प्रत्येक मिश्रणाचं माप वहीत लिहा आणि शेजारी वाळलेला तुकडा टाचून ठेवा. अशा किमान पाच छटा तयार करा. मग ते तुकडे मुलांपुढे पसरून ‘यातली तू कुठली?’ एवढंच विचारा. तुकडा कुणाच्या हाताला लावून रंग जुळवत बसू नका, मुलाला ते लागतं.

शेवटची चाचणी : पांढरं ओलं फडकं रंगवलेल्या कापडावर दाबून दहा वेळा घासा, आणि एक तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. लहान मूल बाहुली चोखतं, घामेजल्या हातात धरतं. फडक्यावर किंवा पाण्यात रंग उतरला तर तो सगळा घाणा बाद.

१२ ते १४ इंचांच्या बाहुल्या एका मीटरमध्ये चार बसतात. शिलाईला ६ मिलिमीटर जागा सोडा, टीप बारीक ठेवा, मान आणि काखेत दुहेरी. वळणावर कात्रीने छोटे काप दिल्याशिवाय उलटवू नका, नाहीतर बोटं आणि हनुवटी सुरकुततात. भरायला एका बाहुलीला १२० ते १५० ग्रॅम पॉलिस्टर फायबर लागतं. सावरीचा कापूस मऊ असतो, पण आपल्या दमट हवेत तो ओल धरतो. मान लुळी पडते ही सगळ्यांची तक्रार. त्यावर उपाय म्हणजे मान सगळ्यात आधी, काठीने ठासून भरायची, किंवा कापडाची घट्ट सुरळी आत घालायची. तार किंवा बांबूची काडी कधीही नको.

चेहरा भरण्याआधीच रिंगवर भरतकामाने करा. गडद कापडावर नुसते काळे डोळे दिसेनासे होतात. आधी फिकट बदामी दोऱ्याने डोळ्याचा पांढरा भाग भरीव टाक्याने भरा, त्यावर गडद तपकिरी बुबुळ आणि बुबुळात एक पांढरा टाका. त्या एका टाक्याने बाहुली बघायला लागते. ओठांना गुलाबी दोरा नको, तपकिरी मरून घ्या. बटणाचे डोळे आणि मणी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अजिबात नकोत.

कुरळ्या केसांसाठी अॅक्रिलिक लोकर लाकडी काडीवर घट्ट गुंडाळा, टोकं बांधा, वरून उकळतं पाणी घाला, पूर्ण वाळल्यावरच सोडा. वळण टिकतं. केस डिंकाने चिकटवू नका. आधी मशीनने पट्टीवर टिपून मग डोक्याला हाताने शिवा, कारण मूल बाहुली केसांनीच उचलतं.

आणि कपडे! कोळ्याची मुलगी म्हणजे लुगडं आणि डोक्यावर पाटी, हे चित्र पुसून टाका. ती मुलगी रोज शाळेचा गणवेश नाहीतर फ्रॉक घालते. सणाचा पोशाख दुसरा जोड म्हणून द्या, अंगावर गणवेश.

प्रश्न : आमच्या भागात कातकरी वस्त्या आहेत. तिथल्या मुलांसाठी त्यांच्या भाषेतलं चित्रांचं पुस्तक काढायचं आहे. भाषा, छपाई, खर्च याबद्दल सांगा. (एक वाचक, पेण)

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैरापासून कात काढणारे म्हणून हे नाव. मुलं घरात कातकरी बोलतात आणि शाळेत थेट प्रमाण मराठीसमोर बसतात. म्हणून एका पानावर दोन्ही भाषा ठेवा, कातकरी वर आणि मोठ्या अक्षरात, मराठी खाली. उलटं केलं तर कातकरी ओळ तळटिपेसारखी दिसते.

मजकूर मराठीत लिहून त्याचं कातकरी करून घेऊ नका. वाडीवरच्या एखाद्या बाईकडून किंवा आजोबांकडून गोष्ट सांगून घ्या, रेकॉर्ड करा, तशीच देवनागरीत उतरवा. लिहिण्याचा प्रश्न येतो तेव्हा एकच शब्द तीन जण तीन तऱ्हेने लिहितात. त्यासाठी पहिल्याच दिवशी एक यादी करा आणि पुस्तकभर तेच लेखन ठेवा. मग मुलांसमोर किमान तीन वेळा वाचून दाखवा. मूल हसलं किंवा मध्येच शब्द बदलून म्हणालं, तर तिथे खूण करा. दुरुस्ती तिथेच आहे. मालवणीत काम करणाऱ्यांनाही हेच लागू. ‘माका’, ‘तुका’ पेरलं म्हणजे मालवणी झाली असं नाही, वाक्य मालवणी चालीचं हवं.

वेळापत्रक नीट बघा. बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. जानेवारीत वाडीवर गेलात तर म्हातारी माणसंच भेटतील. मुलांबरोबरचं काम जून ते ऑक्टोबर.

आता छपाई. सावळी मुलं कागदावर काळवंडतात, आणि बहुतेक पुस्तकं तिथेच मार खातात. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंची असते. संगणकावर सुंदर दिसणारा तपकिरी रंग या चार शाईंत बदलताना त्यात काळी शाई भरपूर येते. मग नाक, ओठ, गाल सगळं एका डागात बुडतं. त्वचेचा रंग किरमिजी आणि पिवळ्यावर उभा करा, निळा थोडा, काळी शाई ३० टक्क्यांच्या आत. सावलीसाठी काळा न वापरता जांभळट तपकिरी घ्या, उजेडासाठी नारिंगी झाक. चारही शाईंच्या टक्क्यांची बेरीज आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर, ३०० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. मॅपलिथो, म्हणजे बिनलेपाचा साधा कागद, शाई पितो आणि ठिपका पसरतो, म्हणून तिथे २५० च्या आसपास थांबा. १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) मॅट आर्ट पेपर बरा, चकचकीत कागदावर गडद चेहऱ्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं.

प्रेसमध्ये एक गोष्ट स्पष्ट सांगा : चेहरे ‘उजळायचे’ नाहीत. चित्र गडद आलं म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूनेच उजेड वाढवतो आणि तुमची मुलगी गोरी होऊन बाहेर येते. ज्या कागदावर छपाई होणार त्याच कागदावर प्रूफ मागा, दिवसाच्या उजेडात बघा, सही करा आणि सही केलेली प्रत मशीनवर समोर ठेवायला लावा.

आकार क्राऊन पाव, म्हणजे सव्वासात बाय साडेनऊ इंच, घेतला तर कागद कमी वाया जातो. चौकोनी पुस्तक देखणं असतं पण कातरण जास्त जातं. पानं चारच्या पटीत ठेवा. २४ पानं आणि वेगळं कव्हर हे मधल्या पिनेला सोयीचं. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा छपाई, ठेवा, घडीजवळ १० मिलिमीटर मोकळे सोडा, नाहीतर कुणाचा तरी चेहरा घडीत जातो. अक्षर १८ ते २० पॉइंट, युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात. ५० ते १०० प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई घ्या. ऑफसेट परवडायला लागतं ते ५०० च्या पुढे, १००० ला खरं. पहिल्यांदा ५० काढा, वाडीवर वापरू द्या, चुका दुरुस्त करा, मगच ऑफसेट.

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन असतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

प्रश्न : माझ्या भाच्याला कानाचं यंत्र आहे. अशा मुलांसाठी खेळणी करावीत असं वाटतं, पण कीव वाटल्यासारखं होऊ नये. (एक वाचक, मालवण)

कीव येते ती दोन ठिकाणांहून, चुकीच्या तपशिलातून आणि वेष्टनावरच्या वाक्यांतून.

तपशील आधी. कानामागचं साधं यंत्र कानाच्या पाळीमागे बसतं आणि बारीक नळी पुढे कानाच्या साच्यात जाते. कॉक्लियर इम्प्लांट वेगळं. त्यात कानामागच्या भागाखेरीज एक गोल चकती असते, ती कानाच्या वर-मागे केसांत डोक्याला चुंबकाने धरते, मधे वायर. फेल्टचे दोन तुकडे आणि एक जाड दोरा एवढ्यात हे जमतं, पण चकती कानावर चिकटवलेली असेल तर ज्याला यंत्र आहे ते मूल क्षणात ओळखतं की बनवणाऱ्याने कधी पाहिलेलंच नाही. यंत्राचे रंगही निळे, लाल, हिरवे घ्या. बऱ्याच मुलांना ते दिसायलाच हवं असतं.

चाकाची खुर्ची लाकडात करायची तर लाकडी खेळण्यांच्या कारागिरांच्या, सावंतवाडीच्या चितार आळीसारखी जागा जवळच आहे. कारागिराला बाहुली प्रत्यक्ष नेऊन द्या, नुसतं माप सांगू नका. बाहुली बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा, पाय टेकायला पाटी, आणि मोठ्या चाकाला बाहेरून धरायची कडी. ही कडी विसरू नका, मूल खुर्ची स्वतः चालवतं ते तिच्यामुळे. मागे ढकलायची मूठ तेवढी केली तर मूल दुसऱ्याच्या हाती दिलंत. पुस्तकात चित्र काढताना हेही बघा : पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या कोरड्या वाळूत, साधी खुर्ची रुतते. ओल्या, दाबल्या गेलेल्या वाळूवर जरा चालते. कोरड्या वाळूवर भरधाव खुर्ची दाखवलीत तर त्या मुलाचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच गेला.

फाटलेल्या ओठावरच्या शस्त्रक्रियेची खूण ओठापासून नाकपुडीपर्यंत एक बारीक रेघ असते, एका दोऱ्याचा टाका पुरे. कोडाचे पांढरे डाग फिकट कापड जोडून करू नका, कडा उचकटते. डाग सुटेल तेवढी जागा मेणाने झाकून मग रंगवा. अंध मुलाच्या पांढऱ्या काठीची लांबी त्याच्या छातीच्या हाडापर्यंत असावी, आजोबांच्या काठीएवढी नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व नोंदलेलं आहे. सगळं एकदम करू नका. एक निवडा, ते वापरणाऱ्या दोन-तीन मुलांना आणि त्यांच्या पालकांना नमुना दाखवा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

वेष्टनावर ‘धाडसी’, ‘विशेष’, ‘अपंगत्वावर मात’ असं काही लिहू नका. नाव, आवडीनिवडी, बस्स. ‘हा तन्मय. याला कुर्ल्या पकडायला आवडतात.’ यंत्र चित्रात दिसतंच आहे.

प्रश्न : मी स्वतः त्या समाजातली नाही. कोळी, ठाकर, कातकरी मुलांवर वस्तू बनवण्याचा मला अधिकार आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

बनवू शकता, पण एकटीने नाही. त्या समाजातली माणसं फक्त ‘माहिती देणारी’ राहिली तर वस्तू चुकते आणि पैसाही एकाच दिशेला जातो. सुरुवातीपासून एखादी भागीदार घ्या, निर्णयात आणि नफ्यात. ते शक्य नसेल तर प्रत्येक बैठकीचं मानधन आधी ठरवा, आणि ‘हे छापायचं नाही’ असं म्हणायचा हक्क लेखी द्या.

कुडाळजवळच्या पिंगुळीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या ठाकर कलाकारांनी चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा स्वतःच्या हातात ठेवली. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्या शैलीतली चित्रं हवी असतील तर त्यांच्याकडून काढून घ्या आणि कलाकाराचं नाव कव्हरवर छापा. शैली उचलून शहरातल्या डिझायनरकडून करून घेणं आम्हाला मान्य नाही.

जमातीचं किंवा जातीचं नाव ब्रँडला देऊ नका, बाहुलीलाही नाही. ‘कातकरी बाहुली’ हे मुलाचं नाव नव्हे. वाडीवर मुलांची जी नावं खरोखर असतात त्यांतलं एक द्या, ते त्यांनाच विचारून. ‘वंचित’, ‘मागास’ हे शब्द सरकारी अर्जात चालतील, मुलाच्या हातात पडणाऱ्या डब्यावर नाहीत.

प्रश्न : वाडीतल्या मुलांनी काढलेली चित्रं कार्डांवर, पिशव्यांवर छापून विकायची आहेत. मुलांचे फोटो जाहिरातीत वापरता येतील? (एक वाचक, मुरूड)

चित्र ज्याने काढलं त्याचा कॉपीराइट, मग तो आठ वर्षांचा असो. पण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, म्हणून सही पालकांची. करार लेखीच हवा. त्यात कोणतं चित्र, कोणत्या वस्तूवर, किती वर्षं, कुठे, आणि किती मोबदला हे पाचही मुद्दे लिहा. हक्क तुमच्या नावे करून घेताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आमचं मत असं की हक्क पूर्ण विकत घेऊच नका, दोन किंवा तीन वर्षांची परवानगी घ्या. काही रक्कम आधी, आणि विक्रीवर ७ ते १० टक्के. पैसे मुलाच्या बँक खात्यात जाऊ देत. दहा वर्षांपुढच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं.

कागद वाचता न येणाऱ्या पालकांना तो मोठ्याने, त्यांच्या बोलीत वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. मग मुलालाही विचारा. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं, तर नको.

चौदा वर्षांखालच्या मुलाला ‘ऑर्डर’ देऊन चित्रं काढून घेणं टाळा, ती बालमजुरीच्या अंगाने जाते. आपल्या आनंदाने काढलेलं चित्र निवडणं वेगळं, आठवड्याला वीस चित्रांचा कोटा वेगळा.

फोटोबाबत सावध राहा. शाळेचं नाव, वाडीचा फलक, गणवेशावरचा बिल्ला फोटोत नको. फोनमधलं ठिकाण नोंदवणं बंद करून मगच काढा. बालगृहातल्या मुलांचे फोटो तर काढूच नका, त्यांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने गुन्हा आहे. खरं सांगायचं तर जाहिरातीला मुलाचा चेहरा लागत नाही. बाहुली आणि ती धरलेले दोन हात पुरतात.

प्रश्न : खेळण्यांना आयएसआय शिक्का लागतो असं ऐकलं. घरगुती बाहुल्यांनाही? आणि बाकी नोंदण्या कोणत्या? (दोन वाचक, अलिबाग आणि कणकवली)

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे आयएसआय शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र बंधनकारक आहे. यातून सूट दोघांना : केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तू, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या उत्पादनांचे नोंदणीकृत मालक व अधिकृत वापरकर्ते. तेव्हा पहिलं काम म्हणजे हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र, ‘पहचान’ कार्ड. ते माणसाच्या नावाने असतं, धंद्याच्या नाही. पाच बायका शिवत असतील तर पाचही जणींचं काढा. धंदा वाढून यंत्रावर माल निघू लागला तर ही सूट गृहीत धरू नका. ‘शोभेची वस्तू’ अशी चिठ्ठी लावून सुटका होत नाही, कारण मूल तिच्याशी खेळणार हे उघड आहे. छापील पुस्तक खेळणं नाही, पण आवाजाचं बटण लावलंत की प्रश्न येतो.

सूट असली तरी तपासणी घरी करा. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जो सुटा भाग न दाबता पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात जाऊ शकतो. तेवढ्या मापाची नळी कापून टेबलावर ठेवा.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर, मोफत. जीएसटीची मर्यादा वस्तूंसाठी वर्षाला ४० लाख, पण राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर आधी सल्लागाराला विचारा. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा फोन हवा. ब्रँडचं नाव नोंदवायचं तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी व्यक्तीला ४,५०० रुपये लागतात. खेळणी वर्ग २८, पुस्तकं वर्ग १६.

प्रश्न : किंमत कशी लावावी? कर्ज मिळतं का? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

बहुतेक जणी आपला वेळ हिशोबात धरत नाहीत आणि वर्षभरात थकून बंद करतात. समजण्यासाठी आकडे धरू. कापड ६०, भरण ४५, लोकर-दोरा २५, कपडे ५०, डबा ३० : झाले २१०. चार तास काम, तासाला ८० प्रमाणे ३२०. बाद माल १०, वीज-प्रवास-फोन ६०. एकूण ६००. त्यावर १०० नफा धरला तर ७००. दुकानदाराने ३५ टक्के ठेवले तर छापील किंमत १,०८० च्या आसपास येते. स्वतः प्रदर्शनात विकलीत तरी किंमत तीच ठेवा. तुम्ही ७५० ला विकायला लागलात की दुकानदार माल परत करतो.

आता अवघड प्रश्न : ज्या मुलासारखी बाहुली केली, त्याच्या घरी १,०८० रुपये कुठून येणार? म्हणून पहिल्याच वर्षी दुसरी, स्वस्त वस्तू काढा. २५० जीएसएमच्या कार्डावर छापलेल्या कागदी बाहुल्या, कपडे कापून बदलायचे. बारा तुकड्यांचं कोडं. रंगवायची वही. हजार प्रती छापल्या की शंभर रुपयांच्या आत नक्की बसतं. वाडीच्या दुकानात, जत्रेत हेच विकलं जाईल. ‘एक घ्या, एक गरीब मुलाला’ ही योजना मात्र नको. दान द्यायचं तर अंगणवाडीला गाजावाजा न करता द्या.

विक्रीचे दोन हंगाम : मे महिना आणि गणपती, चाकरमानी घरी येतात तेव्हा. गणपतीचा माल जुलैअखेर तयार हवा, पण जूनमध्ये पाऊस लागला की कापड वाळत नाही. म्हणून रंगवणं आणि धुणं मेअखेर संपवा, पावसात फक्त शिवण आणि भरतकाम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यातल्या बायकांना शिवायला थोडा वेळ मिळतो.

कर्जाचं थोडक्यात. केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुली-खेळणी कारागीर आहे, त्यात प्रशिक्षण, १५,००० रुपयांची अवजारं, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख. एका कुटुंबातल्या एकालाच. मुद्राचं कर्ज अंगावर असेल तर ते फिटेपर्यंत विश्वकर्मा मिळत नाही, म्हणून कुठलं आधी घ्यायचं ते ठरवून मगच अर्ज करा. पहिल्या वीस बाहुल्यांसाठी मात्र कर्ज काढू नका. चार नमुने, प्रत्येकी पाच. त्या कुणी, कशासाठी घेतल्या हे लिहून ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात बाहुल्यांना काळे ठिपके आणि कधी तांबूस डाग पडतात. काय करावं? (एक वाचक, गुहागर)

दोन वेगळे रोग आहेत. काळे ठिपके बुरशीचे. शिवून भरलेली बाहुली आतून ओली राहिलेली असते, वरून हात लावून कळत नाही. भरण्याआधी फायबर आणि कापड दोन्ही दिव्याखाली किंवा पंख्याखाली कोरडे करा. भिंतीला टेकून, जमिनीवर माल ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण विकताना त्या आठवणीने काढा, मूल त्या तोंडात घालतं. पुस्तकांचे गठ्ठे आडवे रचा, उभी पुस्तकं दमट हवेत वाकतात. ठिपके पडलेली बाहुली घासून विकू नका.

तांबूस डाग टाचणीच्या गंजाचे. खाऱ्या वाऱ्यात साधी टाचणी कापडात आठवडाभर राहिली तरी खूण सोडते. स्टेनलेस टाचण्या घ्या, संध्याकाळी मोजून डबीत घाला. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत ती बाहुली पुढे जाऊ देऊ नका. सापडलेले तुकडे चिकटपट्टीने वहीत लावा, शेजारी तारीख लिहा, आणि डब्यात घालण्याआधी प्रत्येक बाहुलीवरून जोरदार लोहचुंबक सावकाश फिरवा. एखादा जरी तुकडा सापडला नाही, तर बाहुली उसवा.